नडगी ठणकते, तरी धावायचे का?

पोलीस भरतीची चाहूल लागली की आमच्या राजापेठ भागातली पोरे-पोरी पहाटेच्या अंधारात मैदानाकडे निघतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानी परीक्षेच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावण्याचे, आणि मैदानावर निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचे दारच उघडत नाही. त्यामुळे जो तो जीव तोडून धावतो. त्यात काहीजण अनवाणी असतात. कुणाच्या घरी बुटाला पैसे नाहीत, तर कुणी मोबाईलवर पाहिले की बूट काढले म्हणजे वेग वाढतो. मग तीन-चार आठवड्यांनी आमच्याकडे तक्रार येते, "काका, नडगी लय ठणकते. पन थांबलो तं भरती जाते."

आम्ही कारकुनी करणारी माणसे, डॉक्टर नव्हे. पण भरतीचे अर्ज भरून देता देता पोरांचे पायही पाहावे लागतात. म्हणून जाणकारांना विचारून आणि वाचून जे कळले ते येथे मांडतो.

अनवाणी धावणे हे खूळ नाही. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉनचे सुवर्णपदक घेतले. बारामतीच्या शर्यतीत लता करे साठी उलटलेल्या वयात, नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून पहिल्या आल्या. पण हे पाय बिनचपलेच्या वाटेवर वर्षानुवर्षे घडलेले होते. आमच्या आई-आजीही तशाच निंदणाला अन् कापूस वेचायला जात. आमची आजची पोरे शाळेपासून बूट-चपलेत वाढली, आणि ते चांगलेच झाले. पायात वहाण घालण्याचा हक्कसुद्धा ज्यांना भांडून घ्यावा लागला, त्यांनी अनवाणीपणाचे उगाच कौतुक कशाला करावे? मात्र बुटात वाढलेला पाय एका रात्रीत आजीचा पाय होत नाही, हे पोरांनी ध्यानात घ्यावे.

जाड तळव्याच्या बुटात बहुतेकांची टाच आधी टेकते. बूट काढला की टाचेला दणका बसतो, म्हणून माणूस नकळत चवड्यावर उतरू लागतो. इतके दिवस बूट जो भार सोसत होता तो आता पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि चवड्याची बारीक हाडे यांच्यावर येतो. तळव्याची कातडी थोड्या आठवड्यांत निबर होते, म्हणून पोरांना वाटते पाय तयार झाला. शिरेला आणि हाडाला मात्र महिने लागतात. हाड नव्या भाराला जुळवून घेताना आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा भरते; मधल्या काळात ते कच्चे असते. नेमक्या त्याच दिवसांत पोरे जोर वाढवतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पातळ तळव्याच्या बुटात धावू लागलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत दहा आठवड्यांत आतून सूज वाढलेली दिसली. आणि त्यांना तर हळूहळू वाढवायला सांगितले होते!

आता दुखणे ओळखायचे कसे? दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या आणि दोन-तीन दिवसांत मोकळ्या झाल्या, तर चिंता नको. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेमागे आखडत असेल, तर शीर कुरकुरते आहे. अनवाणी धावणे थांबवून अंतर कमी करा. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल, तर तो हाडाला लागून असलेल्या भागावरचा ताण असतो. वेळीच भार कमी केला तर बरा होतो. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, त्याच पायावर उडी मारली की कळ येते, रात्री पडल्यावरही ठणकते, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेथे धावणे त्या दिवशीच बंद. वेदनेची गोळी घेऊन धावू नये आणि हाडावर जोराने मालिशही करू नये. चीर असेल तर सहा ते आठ आठवडे जातात. तिच्यावरच धावत राहिले तर हाड पुरते मोडते आणि मग ती भरती काय, पुढचीही हातची जाते. पोटरी एकाच बाजूची सुजली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

ज्याला अनवाणी धावायचेच आहे त्याने पहिले दोन आठवडे नुसते चालावे. मग आठवड्यातून दोनदा, एक मिनिट धावणे आणि एक मिनिट चालणे, असे पाच वेळा. बाकीचा सराव आहे त्या बुटात. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाचा वर नेणे आणि सावकाश खाली सोडणे, पंधरा-पंधराचे तीन फेरे, हा व्यायाम घरच्या घरी होतो. भरतीला दोन महिनेच उरले असतील तर हा प्रयोग करूच नये. साधा, पायाला नीट बसणारा बूट पुरे. मधुमेह असलेल्याने अनवाणी धावू नये. काच-खिळा लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

मुलींच्या आयांना एक वेगळे सांगणे आहे. पोरगी धावते पण पोटभर जेवत नाही, आणि तिची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर ते लपवण्यासारखे नाही. तिची हाडे आतून कमजोर होत असतात. भाकरीसोबत वरण, अंडी, शेंगदाणे, तिळाची चटणी तिच्या ताटात भावाइतकीच पडली पाहिजे.

खर्चाच्या भीतीने पुष्कळजण पाय दाखवतच नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत.  हाडाच्या डॉक्टरांना दुखणारी जागा बोटाने दाखवा, किती दिवसांपासून दुखते ते सांगा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही. म्हणून 'एक्स-रे चांगला आला' म्हणत दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊ नका; दुखणे तसेच असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा.