पोपटाचे ‘नको’

मराठी भाषेने पोपटावर थोडा अन्यायच केला आहे. अर्थ न कळता घोकंपट्टी करणाऱ्याला आपण ‘पोपटपंची करतो’ म्हणतो. कोणाची फजिती झाली की त्याचा ‘पोपट झाला’. बादशहाचा पोपट मेला हे सांगण्याची हिंमत कुणालाच होत नाही, त्या बिरबलाच्या गोष्टीत तर बिचारा मेलेलाच आहे. आणि गंमत पाहा, ज्या शब्दाने आपण मराठीत एक अख्खा वाङ्मयप्रकार ओळखतो ती ‘कादंबरी’ मुळात एका पोपटाच्या तोंडून सांगितलेली आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाने आपल्या कथेचा निवेदक म्हणून वैशंपायन नावाचा पोपट निवडला. शूद्रक राजाच्या दरबारात सोन्याच्या पिंजऱ्यातून आणलेला हा पोपट आपले बालपण सांगतो. पंपा सरोवराकाठी शाल्मली वृक्षाच्या ढोलीत तो जन्मला. एक म्हातारा शबर झाडावर चढतो, ढोलीत हात घालून एकेका पक्ष्याची मान मुरगाळतो आणि खाली फेकतो. पिलाला पंखाखाली झाकून बसलेला बापही मरतो, आणि ते पिल्लू त्याच्याबरोबर वाळक्या पाचोळ्यावर पडते. तिथून ते तमालाच्या बुंध्याशी सरपटत जाते. गवताची काडी हलली तरी तो पारधीच परत आला असे त्याला वाटत राहते.

बी. ए. ला असताना हे वर्णन मी परीक्षेपुरते वाचले होते. गेल्या वर्षभरात ते पुन्हा पुन्हा आठवले, कारण ढोलीत शिरणारा हात ही काय चीज असते ते रोज संध्याकाळी आमच्या वसरीत दिसत होते.

आमचा मिठू हा देशी पोपट नव्हे, ते आधीच सांगून टाकतो. तो कॉकटील आहे. काकाकुवाच्या कुळातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, राखाडी अंगाचा, पिवळ्या तोंडाचा आणि गालावर नारिंगी टिकली असलेला. आत्तेबहिणीचे बिऱ्हाड पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला गेले. जाताना कपाटे, कुंड्या आणि मिठू अशी वाटणी झाली, त्यात मिठू आमच्याकडे आला. येताना कीर्ती घेऊनच आला होता. पिंजऱ्याजवळ हात नेला की तुरा मागे चपटा, चोच उघडी आणि नागाने टाकावा तसा फुत्कार. वाटी बदलायला हात आत घातला की चावा, तोही रक्त निघेपर्यंत. आत्तेबहिणीच्या घरी जाड हातमोजे घालून वाटी बदलत असत.

आठवड्याभरात सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारचे काका म्हणाले, हात अजिबात मागे घेऊ नको, घेतलास तर शेफारेल. पक्षी विकणाऱ्या एकाने पंख कातरून घ्या म्हणून सांगितले, उडता आले नाही की आपोआप नरम येतो म्हणे. आई म्हणाली, सोडून दे बाबा, कशाला पाप. सौ.चे म्हणणे सगळ्यात व्यवहारी होते. ती म्हणाली, त्याला नको असेल तर तू कशाला हात घालतोस?

या लेखाचा विषय तिचा तो प्रश्नच आहे. चावणारा पोपट हा बहुतेक वेळा भ्यालेला पोपट असतो, आणि चावा हा त्याच्या बोलण्यातला शेवटचा शब्द असतो. त्याआधी तो बरेच काही बोललेला असतो. कॉकटीलच्या तुऱ्यावर तर सगळे लिहिलेले असते. सरळ उभा म्हणजे दचकलाय, किंचित मागे कललेला म्हणजे स्वस्थ आहे, डोक्याला चिकटलेला म्हणजे पुढे येऊ नको. पिसे अंगासरशी घट्ट आवळून तो बारीक होतो, दांडीवर मागे सरकतो, अंग बाजूला झुकवतो. ही सगळी कोकणीतली ‘नाका’ आहेत. पाच वेळा नाका म्हटल्यावरही हात येतच राहिला तर सहाव्यांदा तो चावतो. आणि हात मागे घ्यायचाच नाही असा हट्ट धरला तर तो शेफारत नाही की सुधारत नाही. आधीची पाच ‘नाका’ वाया जातात हे त्याला कळते, मग तो ती म्हणायचेच सोडतो आणि थेट चावतो. ‘अचानक चावला’ अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्या पक्ष्याचा इतिहास असाच असतो.

पिंजऱ्याचे त्याला एवढे काय वाटते, असेही लोक विचारतात. आमच्या कचेरीत येऊन पाहा. वीस वर्षे एका टेबलावर बसलेल्या कारकुनाच्या खणात दुसऱ्याने हात घातला, अगदी टाचणी घ्यायला, तरी काय होते ते मी जवळून पाहिले आहे. तोच माणूस कँटीनमध्ये तुम्हाला स्वतःच्या खर्चाने चहा पाजेल! जंगलात कॉकटील झाडाच्या ढोलीत घरटे करतो आणि ती ढोली राखतो. घरात त्याला ढोली म्हणून मिळतो तो पिंजरा. खाणे तिथे, झोप तिथे, लपणे तिथे. त्यात वरून येणारा हात म्हणजे त्याच्या रक्तातल्या आठवणीप्रमाणे झडप घालणारी घारच. आरसा, घरट्याची पेटी, अंधारा कोपरा अशा गोष्टी पिंजऱ्यात असल्या तर त्याची राखण आणखी कडक होते. आम्ही आधी आरसा काढला. पूर्वी पिंजरा वाटेत मधोमध टांगलेला होता, चारी बाजूंनी माणसे जायची. तो एका भिंतीला टेकवून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. पाठ सुरक्षित झाली की निम्मा फुत्कार कमी होतो. स्वयंपाकघराजवळ मात्र मुद्दाम ठेवला नाही. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पहिले तीन आठवडे मी काहीच केले नाही. चार हातांवर खुर्ची टाकून ‘नवप्रभा’तला अग्रलेख हळू आवाजात वाचायचो. अग्रलेख इतक्या एकाग्रतेने ऐकणारा दुसरा श्रोता मला अजून भेटलेला नाही. मग थोडे जवळ जायचे, तुरा स्वस्थ असेपर्यंतच थांबायचे, वाटीत बाहेरूनच सूर्यफुलाचे दोन दाणे टाकायचे आणि निघून यायचे. या निघून येण्यात खरी मेख आहे. भ्यालेल्या जीवाला दाण्यापेक्षा मोलाचे काही असेल तर ते म्हणजे तुम्ही लांब जाणे. ते त्याने फुत्कारल्यावर दिले तर तो फुत्कारायला शिकेल, हा काकांचा आक्षेप अगदीच चूक नाही. म्हणून तो फुत्कारायच्या आधी, शांत असतानाच निघायचे. शांत राहिले तरी हा माणूस जातो, एवढे त्याला एकदा कळले की आरडाओरड करायचे कारणच उरत नाही.

पुढचे काम काडीने केले. बांबूची, बोथट टोकाची, पेन्सिलीएवढी लांब. माडाचा हीर घेऊ नये, डोळ्याला लागेल. काडीचे टोक जाळीबाहेर धरायचे, त्याने चोचीने हलकेच शिवले की राळ्याच्या कणसाचा एक तुरा द्यायचा. राळे दुकानात ‘कांगनी’ म्हणून मिळते आणि ते इतर वेळी वाटीत घालायचे नाही, नाहीतर त्याची किंमत जाते. रोज पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही. काडी जिकडे तिकडे तो, असे व्हायला दीड महिना लागला. त्यानंतर दार उघडे ठेवले आणि दारावर एक दांडी बांधली. दार उघडल्यावर पहिले पाच दिवस तो बाहेर आलाच नाही. सहाव्या दिवशी आला, दांडीवर बसला, घरभर पाहिले आणि परत आत गेला. कोणी बोलावले नव्हते, कोणी हाकललेही नाही.

बाहेर आलेला मिठू हा निराळाच पक्षी असतो, हे पाहून घरचे चकित झाले. पिंजऱ्यापासून सात-आठ हात लांब, खुर्चीच्या पाठीवर बसलेला असताना त्याला राखायचे काहीच नसते. तिथे तो काडीमागून आधी माझ्या बाहीवर आणि मग मनगटावर आला. वाट्या, कागद, दांड्या हे सगळे तो बाहेर असताना बदलायचे, म्हणजे भांडणाचे मूळच संपते. पंख कातरले असते तर यातले काही झाले नसते असे माझे मत आहे. ज्याला उडून जाता येत नाही त्याच्याकडे चावणे हा एकच अर्ज शिल्लक राहतो.

आजही पिंजऱ्याच्या आत मी हात घालत नाही. घातला तर चावेल का, हे मला बघायचेही नाही. पाहुणे म्हणतात, मग पुरता माणसाळला कुठे? त्यांना मी अ‍ॅलेक्सची गोष्ट सांगतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी सुमारे तीस वर्षे ज्याच्यावर काम केले तो आफ्रिकन ग्रे पोपट २००७ मध्ये वारला. रंग, आकार, संख्या यांची नावे तो सांगायचा म्हणून जगप्रसिद्ध झाला. पण कंटाळा आला की तो ‘नको’ म्हणायचा आणि ‘परत जायचंय’ असेही सांगायचा, ते मला जास्त मोठे वाटते. शिकवलेले शब्द त्याने स्वतःच्या सोयीसाठी वापरले. पोपटपंची ती हीच काय?

आईच्या ‘सोडून दे’चे उत्तरही द्यायला हवे, कारण पुष्कळ दयाळू घरांत हेच म्हटले जाते. पिंजऱ्यात जन्मलेला परदेशी कॉकटील गोव्याच्या आभाळात सोडणे म्हणजे त्याला कावळ्यांच्या स्वाधीन करणे. तो पंधरा-वीस वर्षे जगतो. मी निवृत्त होईन तेव्हाही तो बहुधा असेल, तेव्हा हे पुण्य चोवीस तासांत उरकण्याजोगे नाही. देशी पोपटांची गोष्ट अगदी वेगळी. कुळागरात पोफळीवरून किंचाळत जाणारे हिरवे थवे, जांभळट-लाल डोक्याचे कीर, उलटा लटकून झोपणारा चिमुकला पोपट, यांतला कोणताही पकडणे, विकणे वा घरात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात असा पक्षी असेल तर विश्वास संपादन करण्याच्या युक्त्या शोधू नका, वनखात्याला कळवा. मिरची खाऊ घालून ‘विठू विठू’ म्हणवून घेण्याचा तो जुना शौक कितीही घरगुती वाटला, तरी त्यातला प्रत्येक पोपट कोणीतरी ढोलीत हात घालूनच आणलेला असतो.

आता चवथ जवळ आली आहे. घरी वीसेक माणसे येतील, त्यात सात मुले. फटाके होतील. कॉकटील रात्री अंधारात दचकला की पिंजऱ्यात फडफडून स्वतःला जखमी करून घेतो, म्हणून त्याच्या खोलीत रात्रभर झिरोचा दिवा असतो. त्या दोन दिवसांत मिठू माडीवरच्या मागच्या खोलीत राहील आणि दाराला कडी असेल. माझ्या भाच्याला तो मनगटावर घेऊन मुलांना दाखवायचा आहे. मी त्याला सांगितले आहे, आधी वर जाऊन तुरा बघून ये. चपटा असेल तर मुलांना खाली नेवऱ्या दे.