शेळ्यांची शेड : चारी बाजूंनी पत्रा ठोकू नका!

शहाड, आंबिवली, टिटवाळा पट्ट्यातून सध्या एकच प्रश्न जास्त येतोय : "सर, वीस शेळ्यांसाठी पत्र्याची शेड किती रुपयांत होईल?" माझं मत स्पष्ट सांगतो. प्रश्नच उलटा आहे. आधी जागा आणि हवा, मग पत्रा.

फॅब्रिकेटरला नुसतं "शेड मारून दे" म्हणालात तर तो गोडाऊन मारून देतो. वर पत्रा, चारी बाजूंना पत्रा, एक दरवाजा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी त्याची भट्टी होते आणि पावसाळ्यात आतली ओल बाहेर पडत नाही. लेंडी-मुताचा वास डोळ्यांना झोंबायला लागला की समजा, न्यूमोनिया दारात उभा आहे. पहिली जातात ती करडं. आणि करडं म्हणजेच तर तुमचा नफा!

मोठ्या शेळीला साधारण १० चौरस फूट धरा. वीस शेळ्या म्हणजे १० बाय २० ची शेड, शिवाय दुप्पट मोकळं आवार. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची आखूड बाजू पूर्ण पत्र्याने बंद करा. बाकी बाजूंना तीन-चार फुटांपर्यंत आडोसा, वर जाळी, आणि दक्षिणेला पावसापुरती ताडपत्री. मधली उंची दहा फुटांच्या खाली नको. छपराचा पत्रा भिंतीबाहेर तीन फूट काढा. पत्रा जमिनीला टेकवू नका, मुताने खालची कड गंजते. खाली फूट-दीड फूट विटांचं काम घ्या. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, नाहीतर पहिल्याच पावसात गळती. आत लाकडी फळ्यांचं माचाण केलंत तर शेळ्या कोरड्या राहतात. कोकणात मी हा खर्च टाळू देणार नाही.

जागा नदीकाठची असेल तर स्वस्त मिळाली म्हणून हुरळू नका. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने काय केलं ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवतील.

आता कागदाचं. शहाड महापालिका हद्दीत येतं. रोजगार हमीतून शेळ्यांचा गोठा मिळतो तो ग्रामपंचायतीच्या भागात, इथे नाही. आणि परवानगी न विचारता लोखंड उभं केलंत तर ते तोडायचा खर्चही तुमचाच. मुरबाडकडे गावी जमीन असेल तर हिशोब तिथे मांडा. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान आहे, १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या गटाला कमाल १० लाख. पण ते पहिल्या दिवशी हातात पडत नाही, आधी कर्ज किंवा स्वतःचा हिस्सा लागतो.

बायकोचे दागिने ठेवून रंगीत पत्र्याची शेड बांधणारे आणि मग शेळ्या घ्यायला पैसे न उरलेले लोक मला नेहमी भेटतात. शेड करडं देत नाही हो! पाच शेळ्या, बांबू आणि जुन्या पत्र्याचा आडोसा, एक पूर्ण पावसाळा. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर. त्यातून किती करडं जगली ते वहीत लिहा, आणि ती वही घेऊनच फॅब्रिकेटरकडे जा.