मालमोटारीचा सारथी



२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांतील ती रात्र आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. घोडबंदर रस्त्याच्या दुरुस्तीसाठीं अवजड वाहनें दुसऱ्या वाटेनें वळविण्यांत आलीं होतीं. त्यामुळें आपल्या वसईच्या पूर्वेकडून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनांची अशी कोंडी झाली कीं, सहलीहून घरीं परतणाऱ्या शाळकरी मुलांच्या बसगाड्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत रस्त्यावर खिळून राहिल्या. मुलें भुकेलीं व तहानलेलीं होतीं, आणि घरीं आईबाप डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होते. आसपासच्या कांहीं सज्जनांनीं त्या मुलांस पाणी व बिस्किटें नेऊन दिलीं. ही बातमी प्रसिद्ध होतांच सर्वत्र हळहळ व्यक्त झाली, आणि ती योग्यच होती.

परंतु ती बातमी वाचतांना माझ्या मनांत एक विचार आला, आणि तो अजून जात नाहीं. त्याच रांगेंत, त्या बसगाड्यांच्या पुढें व मागें, शेंकडों मालमोटारी उभ्या होत्या. त्यांतही माणसें होतीं. त्यांनाही तहान लागली असेल, त्यांचीही घरीं कोणी वाट पाहत असेल. त्यांस पाणी कोणीं दिलें, हें मला कोठेंही वाचावयास मिळालें नाहीं. मुलांच्या वांट्यास जी रात्र एकदां आली, ती या लोकांच्या वांट्यास वारंवार येते. मग आपली करुणा त्यांच्यापर्यंत कां पोहोंचत नाहीं? या प्रश्नाचा विचार करण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रथम एक लहानशी गोष्ट सांगतों. एकदां वर्गांत मीं ‘माझे वडील’ या विषयावर निबंध लिहावयास दिला. एका हुषार मुलानें वडिलांच्या स्वभावाविषयीं दोन पानें सुंदर लिहिलीं, परंतु त्यांच्या व्यवसायाविषयीं ‘ते व्यापार करतात’ एवढें एकच वाक्य लिहून तो विषय संपविला. पुढें पालकसभेच्या दिवशीं ते गृहस्थ मला भेटले. सभा संपत आली असतां ते घाईघाईनें आले, आणि उशीर झाल्याबद्दल त्यांनीं दोनदां क्षमा मागितली. आदल्या रात्रीं ते सुरतेहून भरलेली गाडी घेऊन निघाले होते, आणि माल उतरवून तसेच शाळेंत आले होते. मुलगा शेजारीं मान खालीं घालून उभा होता. वडिलांनीं तें पाहिलें व हंसून म्हटलें, “सर, त्याला वाटतं, मी ड्रायव्हर आहे हे तुम्हांला कळू नये. पण त्याची फी याच चाकांवर येते.” या बोलण्यावर मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. मुलाची लाज त्याच्या एकट्याची नव्हती. ती त्याला आपण सर्वांनीं शिकविली होती.

ज्या धंद्याची मुलास लाज वाटावी असें आपण वागतों, तो धंदा आहे तरी कसा? न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें. तेथून कंटेनर घेऊन उत्तरेकडे निघणारा ड्रायव्हर प्रथम बंदराच्या दारापुढील रांगेंत उभा राहतो. शहरांतून जाण्यास अवजड वाहनांस दिवसाच्या ठराविक तासांत बंदी असते. म्हणून तो बंदीची वेळ संपण्याची वाट पाहत रस्त्याच्या कडेस थांबतो. हें थांबणें म्हणजे विश्रांति नव्हे. गाडींतील डिझेल व माल यांची राखण करावयाची असते, आणि पोलिसानें हटकलें तर गाडी पुढें घ्यावयाची असते. मग रात्रीं तो वसईच्या खाडीवरील वर्सोवा पूल ओलांडतो. २०२३ सालीं तेथें नवा पूल खुला झाल्यापासून खाडीवरील अडचण पुष्कळ कमी झाली. परंतु पूल ओलांडल्यावर ससूनवघर, मालजीपाडा, चिंचोटी, पेल्हार, शिरसाड, खानिवडें हीं नांवें त्याच्या मनांत गांवांचीं म्हणून नसतात, तर येथें किती वेळ अडकूं या हिशेबाचीं असतात. पुढें मनोर, चारोटी, तलासरी आणि मग गुजरातची हद्द. अहमदाबाद मुंबईपासून सुमारें सव्वापांचशें किलोमीटर आहे, आणि दिल्लीस जाणाऱ्याची तेथें अर्धी वाटही झालेली नसते.

त्याचें घर म्हणजे ती केबिन. आसनाच्या मागील अरुंद फळीवर तो झोंपतो, तेथेंच त्याचे कपडे, देवाची तसबीर आणि घरच्यांचें छायाचित्र असतें. उन्हाळ्यांत इंजिनाची उष्णता व सूर्याचा ताप अशा दोन्ही बाजूंनीं तो भाजून निघतो. २०२५ सालापासून तयार होणाऱ्या नव्या मालमोटारींच्या केबिनी वातानुकूलित असाव्यात, असा नियम सरकारनें केला आहे. नियम चांगला आहे. परंतु त्यापूर्वीं तयार झालेल्या गाड्या अजून पुष्कळ वर्षें रस्त्यावर धावतील, आणि त्यांतील माणसांस त्याचा लाभ नाहीं. स्नान पेट्रोलपंपावर, जेवण ढाब्यावर, आणि शौचास जाण्याची सोय जेथें मिळेल तेथें. टायर फुटला कीं अंधारांत जॅक लावून चाक बदलावयाचें, पाऊस आला कीं ताडपत्री बांधावयास टपावर चढावयाचें. मुलाचा वाढदिवस, बहिणीचें लग्न, आईचें आजारपण, या साऱ्या गोष्टी बहुधा फोनवरूनच त्याच्या कानीं पडतात.

यावर भर म्हणून घड्याळाचा धाक असतो. मालाबरोबर जें ई-वे बिल असतें, त्याची मुदत सामान्यतः दर २०० किलोमीटरांस एक दिवस या हिशेबानें ठरलेली असते. रस्ता मोकळा असला तर ही मुदत पुरेशी आहे. परंतु एका जागीं सहा सहा तास चाकें थांबलीं कीं कागदावरील मुदत मात्र थांबत नाहीं. ती वाढवून घेण्याची सोय आहे, पण त्यासाठीं मालकाकडे फोनावर फोन करावे लागतात. त्यांतून अनेक ठिकाणीं मोबदला खेपेवर ठरलेला असतो. गाडी चालली तर पैसे; गाडी कोंडींत उभी राहिली तर तो वेळ त्याच्या पदरचा. म्हणून कोंडींत गेलेले तास तो कोठून भरून काढतो, हें वाचकांनीं ओळखलें असेलच. तो ते आपल्या झोंपेंतून काढतो.

आणि येथें हा प्रश्न केवळ त्याचा न राहतां आपल्या सर्वांचा होतो. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मृत्यु पावलीं. अपघातांचीं कारणें अनेक असतात. परंतु पेंगणाऱ्या डोळ्यांनीं चालविलेली भरलेली मालमोटार किती भयंकर असते, हें सांगावयास पंडित नको. आपल्या लोकप्रतिनिधींस हें पूर्वींच कळलें होतें. १९६१ सालीं संसदेनें मोटार वाहतूक कामगारांसाठीं कायदा केला; त्यांत दिवसास आठ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली होती, लांब पल्ल्याच्या मार्गावर ती फार तर दहा व चोपन्न तासांपर्यंत वाढवितां येत असे, आणि पांच तास काम झाल्यावर निदान अर्ध्या तासाची विश्रांति सांगितली होती. पुढें हा कायदा २०२० च्या कामगार संहितेंत सामावून घेण्यांत आला. युरोपांतील देशांत साडेचार तास गाडी हांकल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांति सक्तीची आहे, आणि ती घेतली कीं नाहीं याची नोंद गाडींतील यंत्र आपोआप ठेवतें. आपणांकडे नियम होता, पण त्याची नोंद ठेवणारें यंत्र गाडींत नव्हतें, आणि ती नोंद विचारणारा मनुष्य रस्त्यावर क्वचितच भेटे.

कोणी म्हणेल कीं, हे लोक बेदरकारपणें गाड्या हांकतात, मार्गिका सोडून घुसतात, कोणी कोणी मद्यही पितात. त्यांची एवढी कींव कशाला? हा आक्षेप खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. महामार्गालगत राहणाऱ्या आपल्या लोकांनीं आपलीं माणसें गमावलीं आहेत, आणि त्यांच्या दुःखापुढें युक्तिवाद करणें शोभत नाहीं. जो दोषी असेल त्यास शासन झालेंच पाहिजे. परंतु दोषाचें मूळ शोधल्याशिवाय केवळ शिक्षा वाढविल्यानें काय होतें, हें आपण २०२४ च्या आरंभीं पाहिलें. नव्या न्यायसंहितेंत, अपघातांत मनुष्य दगावल्यावर पोलिसांस न कळवितां पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जुन्या कायद्यांत निष्काळजीपणानें घडलेल्या मृत्यूस दोन वर्षांपर्यंत शिक्षा असे. चालकांनीं गाड्या थांबविल्या, आणि एका दिवसांत पेट्रोलपंपांवर लोकांच्या रांगा लागल्या. अखेर १ जुलै २०२४ रोजीं संहिता अमलांत आली तेव्हां तें पोटकलम बाजूस ठेवण्यांत आलें. पळून जाणें हें पापच आहे. पण थांबलों तर जमाव मारील, ही भीति ज्याच्या मनांत आहे, त्यास थांबण्याचें धैर्य केवळ कायदा देऊं शकत नाहीं. तें जमावांतील आपण सर्वांनीं द्यावयाचें आहे. कायदा हातीं न घेणारा समाज असेल, तरच जखमी मनुष्यास उचलून दवाखान्यांत नेण्यासाठीं चालक खालीं उतरेल.

तर मग आपण वसईकरांनीं काय करावें? माझ्या अल्पमतीस तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट विसांव्याची. २०२४ च्या फेब्रुवारींत पंतप्रधानांनीं चालकांसाठीं महामार्गांवर पहिल्या टप्प्यांत १००० विश्रांतिस्थानें उभारण्याची घोषणा केली. जेथें गाड्या सर्वांत अधिक काळ अडकतात, त्या आपल्या पट्ट्यांत असें स्थान असावें, तेथें गाडी सुरक्षित उभी करतां यावी, स्नानास पाणी, स्वच्छ शौचकूप व चार तास पाठ टेकण्यास जागा मिळावी, अशी मागणी आपल्या महानगरपालिकेनें व नागरिकांनीं आग्रहानें केली पाहिजे. कडेला उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल आपण तक्रार करतों. पण त्यांनीं उभें कोठें राहावें, हें आपण त्यांस कधीं सांगितलें आहे काय?

दुसरी गोष्ट पालकांपैकीं जे कारखानदार व व्यापारी आहेत त्यांच्यासाठीं. वालीव, गोखिवरें, सातिवली येथील कारखान्यांच्या दारांशीं मालमोटारी तासन् तास उभ्या असतात. माल भरण्याउतरविण्याची वेळ आधीं ठरवून ती पाळावी, आलेल्या चालकास सावलींत बसावयास जागा द्यावी, पाणी द्यावें, आणि कारखान्यांतील शौचालय वापरण्यास त्यास मज्जाव करूं नये. यास फारसा खर्च नाहीं. आपल्या घरीं आलेल्या पाहुण्यास आपण तांब्याभर पाणी दिल्यावांचून काम विचारीत नाहीं. मग आपला माल घेऊन आलेल्यासच दाराबाहेर कां ठेवावें?

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठीं. तुमच्या पूर्वजांचीं केळीं, फुलें व नागवेलीचीं पानें बैलगाडीनें व होडीनें बाहेर जात. १८६४ सालीं आगगाडी मुंबईस पोहोंचली, तेव्हां तीं आगगाडीनें जाऊं लागलीं. आज तुमच्या घरांतील साखर, गहूं, कांदे, औषधें, वह्या, फार काय, हा अंक ज्या कागदावर छापला आहे तो कागद, यांचा बहुतेक प्रवास मालमोटारीनेंच होतो. म्हणून महामार्ग ओलांडतांना किंवा दुचाकीवर वडिलांच्या मागें बसून जातांना, त्या उंच केबिनींतील मनुष्यास जवळचें सर्व दिसत नाहीं हें ध्यानांत ठेवा, आणि त्याच्या पुढें अचानक जाऊं नका, किंवा वडिलांस जाऊं देऊं नका. त्यास ‘ए ड्रायव्हर’ अशी हांक मारूं नका. दादा म्हणा, काका म्हणा. आणि तुमच्यापैकीं ज्याचे वडील हा धंदा करीत असतील, त्यानें निबंधांत तसें स्पष्ट अक्षरांत लिहावें.

त्या मुलाविषयीं सांगावयाचें राहिलें. पुढील सत्रांत मीं पुन्हां तोच विषय दिला. या वेळीं त्यानें लिहिलें होतें कीं, वडील खेपेवरून आले म्हणजे घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. आई खिडकीस चादर बांधून अंधार करते, आणि आपण दाराशीं बसून धाकट्या बहिणीस गप्प ठेवतों, कारण बाबांस सहा तास झोंप मिळालीच पाहिजे, नाहीं तर आम्हांस त्यांची काळजी वाटते. त्या वहीवर मीं काय गुण दिले, तें महत्त्वाचें नाहीं. त्या घरानें आपल्या परीनें चादर बांधली. महामार्गाच्या कडेनें राहणाऱ्या आपणां सर्वांस तेवढें करितां येणार नाहीं काय?