अर्ध्या किमतीची विधवा

आखातातल्या अमेरिकन लष्करी तळावर कोणाचा तरी नवरा कंत्राटदाराकडे स्वयंपाकी, ड्रायव्हर किंवा सफाई कामगार असतो. तो तिथे जखमी झाला किंवा मेला, तर घरी राहिलेल्या बाईला काय मिळतं? ‘कंपनी देईल ते’, हे उत्तर मी कोकणातल्या घराघरांतून इतक्यांदा ऐकलं आहे, की आता त्याची चीड येते. एजंट येतो, पाकीट देतो, ‘आता काही मागणं नाही’ अशा कागदावर बाईचा अंगठा घेतो. बाई त्याचे आभार मानते!

वास्तविक यासाठी कायदा आहे आणि तो १९४१ सालचा आहे. अमेरिकेचा ‘डिफेन्स बेस ॲक्ट’. अमेरिकेबाहेरचे तिचे लष्करी तळ आणि तिच्या सरकारची परदेशातली सार्वजनिक कामं यांवर कंत्राटदाराकडून राबणाऱ्या, सैनिक नसलेल्या कामगारांना तो लागू होतो. कंत्राटदाराने विमा उतरवायलाच हवा. उपकंत्राटदाराचा मजूरही त्यात येतो आणि त्याचं नागरिकत्व आड येत नाही. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. उपचाराचा खर्च मिळतो, पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या दोन तृतीयांश. मृत्यू झाला तर विधवेला मजुरीच्या निम्मे, मूल असेल तर मिळून दोन तृतीयांश.

इथवर वाचून बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, पुढची कलमं वाचा. अमेरिकेतल्या गोदी कामगारांच्या ज्या कायद्यावर हा बेतला आहे, त्यात भरपाईची किमान मर्यादा आहे. इथे ती मुद्दाम वगळली आहे. म्हणजे एकाच तळावर ज्याला कमी मजुरीवर राबवलं, त्याचं मरणही तेवढंच स्वस्त. त्याहून वाईट कलम परदेशात राहणाऱ्या परकीयांसाठी आहे. पुढचे सगळे हप्ते एकरकमी चुकते करायचे ठरलं, तर त्यांना त्या रकमेच्या निम्मेच द्यायचे. आणि हे ठरवायला विमा कंपनीने अर्ज केला की पुरे, मग अमेरिकेच्या मजूर खात्याला ते करावंच लागतं. बाईला कोणी विचारत नाही. टेक्सासमधल्या विधवेची किंमत पूर्ण आणि काठमांडू किंवा चिपळूणच्या विधवेची अर्धी, हे कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे. याला मी भेदभाव म्हणते, दुसरा शब्द मला सापडत नाही.

पुनर्विवाह केला तर विधवेचे हप्ते बंद होतात, दोन वर्षांची रक्कम देऊन तिला मोकळं करतात. शिवाय बायको किंवा मूल असेल तर परदेशातल्या आईबापांना काहीच नाही. बायकोचा हक्क पहिला, हे चांगलंच. पण म्हातारी सासूही त्याच मनिऑर्डरवर जगत होती, आणि मग त्या घरात काय पेटतं ते आपण जाणतो. या कलमात ‘हयात पत्नी’ असाच शब्द आहे. कामाला जाणारी बाईही असू शकते, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. फिजीच्या बायकांना दुबईतल्या ब्यूटी पार्लरचं आमिष दाखवून इराकमधल्या अमेरिकन तळांवर नेलं होतं, ते २०११ साली ‘न्यूयॉर्कर’ने छापलं.

नेपाळची गोष्ट आठवा. ऑगस्ट २००४ मध्ये जॉर्डनमधल्या हॉटेलात नोकरी म्हणून नेलेल्या बारा तरुणांना इराकमधल्या तळाकडे पाठवलं. वाटेत त्यांचं अपहरण झालं आणि ते मारले गेले. त्यांच्या घरच्यांना हा कायदा कोणी सांगितला? कंपनीने नाही. पत्रकारांनी त्या मुलांचा माग काढला, अमेरिकेतले वकील पुढे आले, तेव्हा कुठे २००८ साली भरपाईचा निकाल लागला. ज्या भारतीयांनी सरकारी बंदी असताना कुवेत-जॉर्डनमार्गे इराक गाठलं, त्यांच्या घरच्यांना तर तोंड उघडायचीच भीती होती. चोरवाटेने गेला म्हणून तळावरचा त्याचा घाम खोटा ठरतो का?

आपल्या गटांनी काय करायचं, तर माणूस परत येण्याची वाट न पाहता तो जाण्याआधीच बायकोच्या हाती कागद द्यायचे. विवाह नोंदणीचा दाखला सर्वांत आधी. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आहे, तरी दाखला नसलेली घरं पुष्कळ. पासपोर्टवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव एकच हवं. करारपत्र, पगाराची चिठ्ठी आणि तळाच्या ओळखपत्राचा फोटो तिच्याकडे हवा, सासऱ्याच्या कपाटात नको. बँकेतलं खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं.

दुखापतीची लेखी सूचना तीस दिवसांत आणि दावा साधारण एका वर्षात करायचा असतो. जखमी कामगारासाठी एलएस-२०३ आणि मृत्यूसाठी एलएस-२६२ हे अर्ज आहेत. मुदत उलटली म्हणून लगेच हात टेकू नका. मालकाला अपघात ठाऊक असून त्याने खात्याला कळवलं नसेल, तर ही वर्षाची मुदत सुरूच होत नाही. ‘पैसे मिळवून देतो, निम्मे माझे’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. खात्याच्या किंवा न्यायाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय या दाव्याची फी घेणं हा गुन्हा आहे.

आणि तो अंगठ्याचा कागद. कामगाराने हक्क सोडल्याचा करार या कायद्यात वैध धरत नाहीत, आणि तडजोडीलाही मजूर खात्याची किंवा तिथल्या न्यायाधीशाची मान्यता लागते. एजंटाने स्वयंपाकघरात बसून घेतलेला अंगठा म्हणजे ती मान्यता नव्हे. तुमच्या गावात असा कागद कोणाच्या ट्रंकेत असेल, तर तो बाहेर काढायला सांगा.