घारापुरीची लेणी जपली जातात, पण तिथे नेणारी बोट?

यवतमाळहून धामणगाव गाठायचं, तिथून रेल्वेने मुंबई. मग गेटवे ऑफ इंडिया आलंच, आणि गेटवेला गेलं की समोर एलिफंटाची बोट. एलिफंटा म्हणजे घारापुरी बेट. तासाभराचा समुद्रप्रवास आणि सहाव्या शतकाच्या आसपास डोंगरात कोरलेली शिल्पं. तीन मुखांचा सदाशिव त्यात सगळ्यात प्रसिद्ध. (ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिलं, तो आता बेटावर नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.)

पण आज बोलायचंय ते मधल्या तासाभराबद्दल.

18 डिसेंबर 2024 ला दुपारी 'नीलकमल' ही बोट घारापुरीला निघाली होती. नौदलाची एक स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीवर होती. तिच्यावरचा ताबा सुटला आणि ती थेट येऊन धडकली. 15 जणांचा जीव गेला. परवाना होता 84 प्रवाशांचा, बोटीवर होते शंभराहून जास्त. टक्कर गर्दीमुळे झाली नाही, हे खरं. पण बोट उलटल्यावर गर्दीचा आणि जॅकेटचा हिशोब लागतोच, आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं.

म्हणजे नियम आधीही होता. 84 हा आकडा कुणीतरी ठरवलाच होता ना?

लेण्यांची काळजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण घेतं आणि 1987 पासून त्यांना जागतिक वारशाचा दर्जा आहे. बोटीचा परवाना मात्र महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. दगडाला एक खातं, माणसाला दुसरं. बेटावर राहणाऱ्यांचं तर विचारूच नका: मुंबई समोर लखलखत असताना घारापुरीत समुद्राखालच्या केबलने वीज आली ती 2018 मध्ये.

त्याच वर्षी चिलीने मोआई पुतळ्यांच्या रापा नुई बेटावर, म्हणजे ईस्टर आयलंडवर, पर्यटकांचा मुक्काम 30 दिवसांवर आणला. बेटाला किती माणसं झेपतील, हा विचार त्यामागे होता. आपल्याला निदान बोटीला किती झेपतील एवढं तरी पाळता यावं.

पेनगंगेत पोहणाऱ्यालाही समुद्रात जॅकेट लागतं. ते हातात नको, अंगात हवं, पट्टे बांधून. बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढची घ्या. आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.