विश्लेषण : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील धर्मयोद्धा शपथेला बांधील की सोबत्यांना?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी गोष्ट रचत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्यातील ‘पॅलाडिन’, म्हणजे शपथबद्ध धर्मयोद्धा, हे पात्र जितके आदराचे तितकेच भांडणाचे ठरले आहे. चांगुलपणाचे नियम किती कडक असावेत, हा त्या भांडणाचा मुद्दा. तो खेळापुरता वाटला तरी टेबलावरची मैत्री त्यावर टिकते किंवा तुटते.

हा खेळ चालतो कसा?

‘डंजन मास्टर’ प्रसंग उभा करतो आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी योद्धा. कृती यशस्वी झाली की फसली, हे बऱ्याचदा वीस बाजूंच्या फाशावर ठरते. खेळाडू एकमेकांविरुद्ध नव्हे, तर एका गटात खेळतात. पॅलाडिनची अडचण नेमकी इथेच सुरू होते.

पॅलाडिन आला कुठून?

‘पॅलाडिन’ हा शब्द मध्ययुगीन युरोपातील कथांमधून आला. सम्राट शार्लमेनच्या बारा निवडक सरदारांना त्या कथांत हे नाव आहे. खेळात हे पात्र १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आले. त्यासाठी ‘करिष्मा’ हा गुण किमान १७ लागे. तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये ४, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. १९७८ च्या नियमांतही अटी कडक होत्या : पात्र मानवच हवे, कमाईचा दहावा हिस्सा दान करायचा, जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत. जाणूनबुजून दुष्कृत्य केले, तर पॅलाडिनपद कायमचे गेले.

मग वाद कशाचा?

त्या नियमांनुसार पॅलाडिनने दुष्टांची सोबतही करायची नव्हती. त्यामुळे गटातील चोराने कुणाचा खिसा कापला, की पॅलाडिन त्याच्यावर तलवार उपसे. ‘माझे पात्र असेच वागेल’ म्हणत एक खेळाडू इतरांचा पोलीस होई. दुसरीकडे काही डंजन मास्टर पॅलाडिनला मुद्दाम पेचात पकडत. कायद्याने गादीवर बसलेल्या क्रूर राजाचा हुकूम पाळला तर पाप, मोडला तर नियमभंग. इकडे आड, तिकडे विहीर. अशा वेळी परीक्षा पात्राची होत नाही, खेळाडूची फजिती तेवढी होते.

नियम कसे बदलले?

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत केवळ मानवाची अट गेली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पॅलाडिनचा कल त्याच्या देवतेशी जुळला म्हणजे पुरे झाले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ‘शपथ’ केंद्रस्थानी आणली. निष्ठेची, प्राचीनांची किंवा सूडाची शपथ खेळाडूच निवडतो. शपथ मोडून पश्चात्तापही नसेल, तर डंजन मास्टर त्याला हा मार्ग सोडायला लावू शकतो. मात्र चूक झाली की लगेच पद गेले, असे आता नाही.

यात खेळाची चव गेली का?

जुन्या खेळाडूंची तक्रार अशी, की किंमत न मोजता मिळणारा चांगुलपणा कसला? तक्रारीत तथ्य आहे. शपथ पात्राच्या कागदावर लिहून विसरली गेली, तर पॅलाडिन म्हणजे चकाकते चिलखत घातलेला साधा योद्धा. पण किंमत कोणी मोजायची, हा खरा प्रश्न. भीष्माने प्रतिज्ञा पाळली, तिची झळ मात्र अंबेपासून साऱ्या कुरुकुळाला बसली. टेबलावरही तेच होते. पॅलाडिनच्या तत्त्वांपायी चोराचा खेळाडू संध्याकाळभर गप्प बसणार असेल, तर ती किंमत भलत्याच माणसाने मोजलेली असते.

उत्तर या पात्राच्या शक्तींमध्येच आहे. तो हाताच्या स्पर्शाने जखमा भरतो. २०१४ च्या नियमांत सहाव्या पातळीपासून त्याच्या दहा फुटांच्या आत उभ्या असलेल्या सोबत्यांनाही संकटातून निभावताना त्याच्या करिष्म्याचे बळ मिळते. म्हणजे त्याचे सामर्थ्य इतरांजवळ उभे राहण्यात आहे. कैद्याला मारावे असे गटाला वाटत असेल, तर तलवार न उपसता ‘याचा पहारा मी देतो, तो पळाला तर दोष माझा’ असे म्हणणारा पॅलाडिन शपथही पाळतो आणि खेळही पुढे नेतो. रात्रीची झोप त्याची जाते, कैदी पळाला तर मान त्याची खाली जाते.

पहिल्या बैठकीपूर्वी खेळाडू आणि डंजन मास्टरने दोन गोष्टी बोलून घेतल्या तरी पुष्कळ : शपथ नेमकी कोणती आणि ती मोडल्यास काय होईल. शिक्षा आधीच ठाऊक असेल, तर ती फसवणूक वाटत नाही, गोष्टीचाच भाग होते. नियम सैल झाले ते बरेच झाले. शपथ मात्र सैल नको, आणि तिचा भार पॅलाडिनच्याच खांद्यावर हवा.