पुराव्याविना वनवास

नाशिककरांना वनवासाची कथा सांगावी लागत नाही. पंचवटी येथेच आहे. परंतु कायद्याच्या राज्यातही माणसाला गुन्हा शाबीत न होता वनवासात धाडता येते, हे आमच्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

सातपूरच्या एखाद्या कामगारावर मारहाणीचा खटला उभा राहिला, तर साक्षीदाराला पिंजऱ्यात यावे लागते, त्याची उलटतपासणी होते, पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही आणि वाजवी संशय उरल्यास त्याचा फायदा आरोपीला मिळतो. 1872 चा पुरावा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही शिस्त कायम आहे.

त्याच कामगारावर 1951 च्या पोलीस कायद्याच्या कलम 56 खाली तडीपारीची कारवाई निघाली की चित्र पालटते. निर्णय न्यायाधीशाचा नव्हे. पोलीस उपायुक्ताचा किंवा प्रांताधिकाऱ्याचा. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झाले की नावे गुप्त ठेवून घेतलेल्या जबाबांवर काम भागते. नोटिशीत आरोपांचे केवळ सर्वसाधारण स्वरूप असते. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याची उलटतपासणी कशी घ्यावी? आणि परिणाम काय? दोन वर्षांपर्यंत घर, गाव व रोजगार यांना मुकणे!

गुंडांच्या दहशतीपुढे साक्षीदार गप्प बसतात, हे आम्ही नाकारीत नाही. याच कारणास्तव 1952 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी तरतूद वैध ठरविली. परंतु 2022 साली जालन्याच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने तडीपारीचा आदेश रद्द करून बजावले की, हा असाधारण उपाय आहे. अधिकाऱ्याचे समाधान वस्तुनिष्ठ आधारावर असले पाहिजे. पूर्ण दोन वर्षांची मुदत कारणे दिल्यावाचून लादता येणार नाही.

एवढ्यावर समाधान मानता येत नाही. या आदेशावरील अपील आजही राज्य सरकारकडेच जाते. ते जिल्हा न्यायाधीशापुढे चालावे आणि गुप्त जबाबांची शहानिशा त्यानेच करावी, अशी आमची मागणी आहे. गुंडासाठी केलेला अपवाद चळवळीच्या कार्यकर्त्याविरुद्ध वापरला जाऊ नये, याची दुसरी हमी नाही.

तोवर नोटीस आलेल्या साथीने घाबरून गाव सोडू नये. कलम 59 अन्वये लेखी खुलासा देण्याचा, आपले साक्षीदार तपासण्याचा आणि वकील देण्याचा हक्क आहे. तो पुरेपूर बजावावा. पुराव्याची शिस्त ही गुन्हेगाराची सोय नव्हे. सत्तेपुढे एकट्या उभ्या राहणाऱ्या माणसाची ती ढाल आहे.